विजेचा कण मोजणारा तेलाचा थेंब

१८९७ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी कॅथोड किरण विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून वळवले आणि त्या वळणावरून किरणांतल्या कणांबद्दल एक आकडा काढला. तो आकडा प्रभाराचा नव्हता आणि वस्तुमानाचाही नव्हता. प्रभाराला वस्तुमानाने भागले की जे उरते, ते गुणोत्तर थॉमसन यांच्या हाती लागले होते. याहून जास्त त्या प्रयोगातून निघणे शक्यच नव्हते. कणाचा प्रभार दुप्पट असता आणि वस्तुमानही दुप्पट असते, तरी किरण तितकाच वळला असता. इलेक्ट्रॉन सापडला होता, पण त्याच्या अंगावर वीज किती हे कळायला दुसरी वाट शोधावी लागणार होती.

त्याआधी आणखी एक प्रश्न होता, आणि माझ्या मते तोच मोठा. वीज खरोखर कणाकणांनी येते का? फॅरडे यांनी १८३०च्या दशकात द्रावणांतून वीज सोडून दाखवले होते की ठरावीक विजेने ठरावीक प्रमाणातच द्रव्य सुटे होते. त्यावरून हेल्महोल्ट्झ यांनी १८८१ साली लंडनच्या व्याख्यानात मांडले की द्रव्याला अणू असतील तर विजेलाही असले पाहिजेत. स्टोनी यांनी १८९१ साली त्या कणाला ‘इलेक्ट्रॉन’ हे नावही देऊन टाकले. पण ही सगळी मोजमापे अब्जावधी अणूंच्या गर्दीवरची होती. गर्दीच्या सरासरीवरून प्रत्येक कण सारखाच आहे असे म्हणता येत नाही. काही कण मोठे आणि काही लहान असते, तरी सरासरी तीच आली असती.

म्हणजे प्रश्न दोन आहेत: वीज दाणेदार आहे का, आणि असेल तर दाणा केवढा. रॉबर्ट मिलिकन यांच्या तेलथेंबाच्या प्रयोगाचे सौंदर्य असे की तो या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी देतो. पहिले उत्तर जवळजवळ कुठल्याही गृहीतकाशिवाय मिळते. दुसऱ्यासाठी हवेबद्दल बरेच काही आधी माहीत असावे लागते, आणि मिलिकन यांची चूक झाली ती तिथेच.

ढगातून थेंबाकडे

सुरुवात ढगाने झाली. कॅव्हेंडिशमध्येच टाउनसेंड, थॉमसन आणि १९०३ साली एच. ए. विल्सन यांनी दमट हवेत आयन तयार करून त्यांच्यावर पाण्याचा बारीक ढग जमवला. विल्सन यांनी हा ढग दोन आडव्या धातूच्या तबकड्यांमध्ये धरला, त्याची वरची कड किती वेगाने खाली येते ते आधी नुसते आणि मग तबकड्यांना विद्युतदाब लावून मोजले. दोन वेगांतल्या फरकावरून एका थेंबावरचा प्रभार काढायचा, अशी ही रीत होती. कल्पना चांगली, पण ढगाची कड विसविशीत असते, पाण्याचे थेंब पडता पडता वाळून हलके होतात, आणि एका थेंबावर एकच आयन बसला आहे याची खात्री कोणी द्यायची? शिवाय उत्तर पुन्हा सरासरीचेच.

शिकागो विद्यापीठाच्या रायर्सन प्रयोगशाळेत मिलिकन यांनी आधी लुई बेगमन यांच्यासोबत हाच प्रयोग करून पाहिला. आकडे हलत राहिले. थेंब किती वेगाने वाळतात हे एकदा कळले तर त्याची भरपाई करता येईल, असा विचार करून त्यांनी ढग एका जागी रोखून धरायचे ठरवले. त्यासाठी दहा हजार व्होल्टपर्यंत जाणारी बॅटरी जुळवली. कळ दाबली आणि ढग क्षणात नाहीसा झाला. थेंबांवरचे प्रभार वेगवेगळे असल्याने एवढ्या तीव्र क्षेत्रात प्रत्येक थेंब आपापल्या वेगाने वर किंवा खाली निघून गेला.

प्रयोग फसला म्हणायचा, पण तबकड्यांच्या मधोमध चारदोन थेंब मागे राहिले होते. त्यांचे वजन आणि त्यांच्यावरचे विजेचे बल नेमके जुळले होते, म्हणून ते हवेत जागच्या जागी थांबले होते. ढग पाहायची गरजच नाही, एकेक थेंब पाहता येईल, हे मिलिकन यांना तिथे दिसले. १९०९च्या उन्हाळ्याअखेर कॅनडातल्या विनिपेगला ब्रिटिश असोसिएशनची बैठक झाली, तिथे त्यांनी पाण्याच्या एकेका थेंबावरची मोजमापे सांगितली. अडचण एकच उरली होती: पाण्याचा थेंब मिनिटभरसुद्धा टिकत नव्हता.

त्यावर तोडगा तेलाचा. जे तेल वाळू नये म्हणूनच बनवलेले असते, ते घड्याळात घालायचे तेल घ्यायचे. ही कल्पना कोणाची, याबद्दल दोन हकिकती आहेत. मिलिकन यांनी आठवणींत लिहिले की ती विनिपेगहून परतताना आगगाडीत आपल्याला सुचली. त्यांचे विद्यार्थी हार्वी फ्लेचर यांच्या आठवणी वेगळे सांगतात. फ्लेचर पीएच.डी.च्या विषयासाठी मिलिकन यांच्याकडे गेले होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी औषधांच्या दुकानातून अत्तर फवारायची बाटली आणि घड्याळाचे तेल आणले, ओबडधोबड उपकरण उभे केले आणि तेलाचे थेंब दुर्बिणीतून पाहिले ते त्यांनीच. पुढे मिलिकन यांनी त्यांच्या घरी येऊन सुचवले की प्रभारावरचा शोधनिबंध आपल्या एकट्याच्या नावाने जावा आणि थेंबांच्या ब्राउनी गतीवरचा, म्हणजे हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणाऱ्या थरथरीवरचा, फ्लेचर यांच्या एकट्याच्या नावाने. फ्लेचर यांनी ते मान्य केले. ध्वनिशास्त्रात पुढे त्यांनी फार मोठे काम केले. ही हकिकत मात्र १९८२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. ती वाचल्यावर या प्रयोगासोबत फ्लेचर यांचे नाव घेतले जावे असे मला ठामपणे वाटते.

दुर्बिणीत काय दिसते

उपकरण डोळ्यांसमोर आणू. पितळेच्या दोन गोल आडव्या तबकड्या, प्रत्येकीचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर, दोघींमधले अंतर साधारण १६ मिलिमीटर. वरच्या तबकडीच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढे भोक. त्यावरच्या पेटीत तेल फवारायचे. लाखो थेंबांतला एखादा भोकातून खाली, दोन तबकड्यांमधल्या हवेत उतरतो. बाजूने प्रखर दिव्याचा झोत सोडलेला असतो. त्या दिव्याची उष्णता हवेत पोहोचली तर हवा हलू लागते आणि थेंब भरकटतो, म्हणून झोत आधी पाण्यातून गाळून घ्यायचा. पुढच्या आवृत्तीत तर मिलिकन यांनी सगळे पात्रच चाळीस लिटर इंजिन-तेलाच्या टाकीत बुडवून ठेवले, तापमान हलू नये म्हणून.

छोट्या दुर्बिणीतून पाहिले की काळ्या पार्श्वभूमीवर थेंब लखलखत्या ठिपक्यासारखा दिसतो. त्याचा आकार असा दिसत नाही, दिसतो तो त्याच्यावरून विखुरलेला प्रकाश. दुर्बिणीच्या भिंगात दोन आडव्या रेषा असतात. एका रेषेपासून दुसरीपर्यंत थेंब किती सेकंदांत पोहोचतो, एवढेच मोजायचे. सगळा प्रयोग त्या सेकंदांवर उभा आहे.

फवारताना होणाऱ्या घर्षणानेच थेंबावर थोडा प्रभार आलेला असतो. आधी तबकड्यांवरची वीज काढून टाकायची. थेंब स्वतःच्या वजनाने खाली येऊ लागतो आणि हवा त्याला अडवते. वेग वाढला की अडवणूकही वाढते, आणि दोन्ही बले जुळली की वेग वाढायचा थांबतो. एवढ्या लहान थेंबाला त्या स्थिर वेगाला पोहोचायला सेकंदाचे काही लाखांश भाग पुरतात, म्हणून आपल्याला तो पहिल्यापासून एकसारख्या गतीनेच पडताना दिसतो.

थेंब खालच्या तबकडीला टेकायच्या आत वीज चालू करायची. तबकड्यांमधले क्षेत्र त्याला वर ओढते आणि तो चढू लागतो. तो वर पोहोचायच्या आत वीज बंद केली की पुन्हा उतरतो. असा एकच थेंब तासन्‌तास खालीवर फिरवता येतो. पडण्याचा वेग दर वेळी तोच येतो, कारण थेंब वाळत नाही आणि त्याचे वजन बदलत नाही. चढण्याचा वेग मात्र मधूनच एकदम बदलतो. हवेत भटकणारा एखादा आयन थेंबाला चिकटला की त्याचा प्रभार बदलतो. हे आपोआप घडायची वाट पाहावी लागू नये म्हणून जवळ रेडियम ठेवायचे किंवा हवेत क्ष-किरण सोडायचे.

बेरजा

आता कागद-पेन्सिल घेऊ. समजण्यासाठी सोपे आकडे मी स्वतः जुळवले आहेत, पण प्रत्यक्षात येतात त्याच मापाचे. थेंबाची त्रिज्या दीड मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दीड हजारांश. क्षेत्र नसताना तो एक सेंटिमीटर अंतर ४० सेकंदांत उतरतो, म्हणजे वेग सेकंदाला ०.२५ मिलिमीटर.

तबकड्यांना पाच हजार व्होल्ट लावले. थेंब तेच अंतर ६६.७ सेकंदांत चढला, म्हणजे वेग ०.१५. थोड्या वेळाने आयन चिकटला आणि चढायला २०० सेकंद लागू लागले: वेग ०.०५. नंतर ४० सेकंद: वेग ०.२५. नंतर २२.२ सेकंद: वेग ०.४५.

चढण्याच्या वेगात पडण्याचा वेग मिळवायचा. का? विजेचे बल दोन कामे करते. थेंबाचे खाली पडणे ते थांबवते आणि शिवाय त्याला वर चढवते. म्हणून त्या बलाचे खरे माप दोन वेगांची बेरीज. बेरजा येतात ०.४०, ०.३०, ०.५०, ०.७०.

प्रत्येक बेरीज ०.१०ची पट आहे: चार पट, तीन पट, पाच पट, सात पट. साडेतीन किंवा सव्वाचार पट कधीच येत नाही. कोणी बंद पाकिटांचे ढीग दिले, प्रत्येकात एक रुपयाची नाणी किती ते सांगितले नाही आणि पाकिटे उघडायलाही मनाई केली, तरी वजनांतले फरक नेहमी एकाच आकड्याच्या पटीत येताना पाहून आत सारखी नाणी आहेत हे आपण ओळखू. इथे तसेच घडते.

या पायरीवर आपण काय काय वापरले ते पाहा. फक्त घड्याळ. थेंबाचे वजन, तेलाची घनता, हवेचा चिकटपणा, व्होल्टचा आकडा यांपैकी काहीही लागले नाही. वेग बलाच्या प्रमाणात असतो आणि थेंब सगळा वेळ तोच आहे, एवढे मान्य केले की झाले. पुढच्या पायरीला लागणाऱ्या स्टोक्सच्या नियमावर ज्याचा विश्वास नाही त्यालाही हे नाकारता येत नाही. थेंबावरचा प्रभार ऋण असो वा धन, तो घर्षणाने आलेला असो वा हवेतल्या आयनाने, पायरी तीच येते. वीज दाणेदार आहे आणि दाणे एकसारखे आहेत, हे दुर्बिणीतून जवळजवळ डोळ्यांनी दिसते.

दाण्याचे माप काढायला मात्र स्टोक्सचा नियम लागतो. लहान गोल वस्तू चिकट माध्यमातून पडते तेव्हा तिचा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, असे जॉर्ज स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दाखवले होते. पडण्याच्या वेगावरून त्रिज्या, त्रिज्येवरून घनफळ, तेलाची घनता घेऊन वजन. आपल्या थेंबाचे वस्तुमान निघते ग्रॅमच्या सुमारे ७,७०० कोटीव्या भागाएवढे. जगातल्या कुठल्याही काट्यावर तो ठेवता आला नसता. हवेने त्याचे वजन करून दिले. आता ०.१०च्या एका पायरीला किती बल लागते ते काढायचे, त्याला क्षेत्राने भागायचे (पाच हजार व्होल्ट भागिले १६ मिलिमीटर), आणि उत्तर येते १.६ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात कूलोमच्या आसपास. हा इलेक्ट्रॉनचा प्रभार.

हवा सलग नसते

इथे मिलिकन यांना एक विचित्र गोष्ट दिसली. लहान थेंबांवरून काढलेला प्रभार मोठ्या थेंबांवरच्यापेक्षा जास्त येत होता. थेंब जितका लहान तितका फरक मोठा. विजेचा दाणा थेंबागणिक बदलतो असे मानण्यापेक्षा स्टोक्सचा नियम इथे अपुरा पडतो असे मानणे शहाणपणाचे होते. नियमात हवा सलग द्रवासारखी धरलेली आहे. खरी हवा रेणूंची असते, आणि एक रेणू दुसऱ्यावर आदळायच्या आधी नेहमीच्या दाबाला मायक्रॉनच्या सुमारे सात शतांश भाग एवढे अंतर मोकळा धावतो. दीड मायक्रॉनच्या थेंबापुढे हे अंतर नगण्य नाही. रेणूंच्या मधल्या फटींतून थेंब थोडा जास्तच सरकतो, नियमापेक्षा पाचसहा टक्के जलद पडतो, आणि म्हणून आपण त्याला आहे त्याहून जड समजतो.

दुरुस्ती कशी करायची? मिलिकन यांनी हवेचा दाब बदलत वेगवेगळ्या आकारांचे थेंब मोजले. दाब कमी केला की रेणूंमधले अंतर वाढते, म्हणून चूक मुद्दाम फुगवून पाहता येते. दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचा व्यस्तांक एका अक्षावर आणि काढलेल्या प्रभाराचा दोनतृतीयांश घात दुसऱ्यावर घेतला की सगळे थेंब एका सरळ रेषेवर येतात. ती रेषा मागे वाढवत नेऊन जिथे चूक शून्य व्हायला हवी तिथे वाचायची. चूक लपवण्याऐवजी तिला वाढवून, तिचा नियम शोधून, मग ती वजा करणे: या सगळ्या प्रयोगातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

१९१३ साली मिलिकन यांनी ५८ थेंबांवरून आकडा प्रसिद्ध केला. आजच्या एककांत तो १.५९२ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात कूलोम होतो, आणि त्यात चूक हजारात दोनच असेल असा त्यांचा दावा होता. या एका आकड्यातून पुष्कळ गोष्टी एकदम सुटल्या. थॉमसन यांच्या गुणोत्तरात तो घातला की इलेक्ट्रॉनचे वस्तुमान मिळते. फॅरडे यांच्या द्रावणातल्या विजेच्या आकड्याला त्याने भागले की ॲव्होगाड्रोचा अंक मिळतो, म्हणजे एका मोलमध्ये रेणू किती ते. १९२३चे नोबेल पारितोषिक मिलिकन यांना या कामासाठी आणि प्रकाशविद्युत परिणामावरच्या कामासाठी मिळाले.

आक्षेप

व्हिएन्नाचे फेलिक्स एरेनहाफ्ट यांना हे मान्य नव्हते. धातूच्या सूक्ष्म कणांवर त्यांनी तसेच प्रयोग केले आणि इलेक्ट्रॉनपेक्षाही लहान प्रभार मिळतात असे ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. त्यांचे कण फारच बारीक होते, गोल असतीलच असे नाही, आणि त्यांची घनताही नक्की माहीत नव्हती. म्हणजे वजन काढायची पायरीच डळमळीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. १९१३च्या निबंधात मिलिकन यांनी लिहिले होते की हे ५८ थेंब निवडक नाहीत, सलग साठ दिवसांत पाहिलेले सगळे थेंब आहेत. १९७८ साली विज्ञानाचे इतिहासकार जेराल्ड होल्टन यांनी मिलिकन यांच्या वह्या अभ्यासल्या, तेव्हा पुष्कळ जास्त थेंब सापडले, आणि शेजारी हा घ्यावा, हा सोडावा अशा अर्थाचे शेरे. निबंधातले ते विधान खरे नव्हते आणि ते लिहायला नको होते, यात मला शंका नाही. पण वगळलेल्या थेंबांतले बरेचसे अर्धवट मोजलेले किंवा उपकरण जुळवत असतानाचे होते. ॲलन फ्रँकलिन यांनी १९८१ साली वगळलेली मोजमापे धरून पुन्हा हिशेब केला, तर प्रभाराचा आकडा फारसा हलला नाही. हलली ती खात्रीची मर्यादा, ती मिलिकन यांनी सांगितली त्याहून सैल निघाली.

खरी चूक वेगळ्याच ठिकाणी होती आणि ती वह्यांत सापडण्यासारखी नव्हती. मिलिकन यांचा आकडा आजच्या मूल्यापेक्षा हजारात सहाने कमी आहे. हवेच्या श्यानतेचे, म्हणजे तिच्या चिकटपणाचे, त्यांनी घेतलेले मूल्य किंचित कमी होते. प्रभाराच्या सूत्रात श्यानता दीडव्या घाताने येते, म्हणून तिथली हजारात चारची चूक उत्तरात सहाची झाली. ५८ऐवजी ५,८०० थेंब मोजले असते तरी ती निघाली नसती, कारण प्रत्येक थेंबात ती सारखीच शिरली होती. ती उघडकीला आली ती क्ष-किरणांच्या तरंगलांबीवरून. स्फटिकांच्या साहाय्याने काढलेली तरंगलांबी मिलिकन यांच्या आकड्यावर अवलंबून होती. रेघा कोरलेल्या जाळीने तीच थेट मोजता येऊ लागली आणि दोन उत्तरे जुळेनात. मग १९३०च्या दशकात हवेची श्यानता नव्याने मोजली गेली आणि तेलाच्या थेंबानेही क्ष-किरणांशी जुळणारा, थोडा मोठा आकडा दिला.

२० मे २०१९पासून इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजायचा राहिलेला नाही. त्याचे मूल्य १.६०२१७६६३४ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात कूलोम असे कायमचे ठरवून दिले आहे आणि त्याच्यावरून अँपिअर ठरवला जातो. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्कांचा प्रभार इलेक्ट्रॉनच्या एकतृतीयांश किंवा दोनतृतीयांश असतो, पण सुटा क्वार्क कधी दिसलेला नाही. मार्टिन पर्ल यांच्या गटाने स्टॅनफर्डच्या त्वरक केंद्रात मिलिकन यांच्याच रीतीचे स्वयंचलित रूप वापरून कोट्यवधी थेंब तपासले. अपूर्णांकातला प्रभार असल्याचा पुरावा त्यांत मिळाला नाही.

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांना एक विनंती. सावकाश पडणारा थेंब निवडा, कारण तो लहान असतो आणि त्याला उचलायला दोनचार इलेक्ट्रॉन पुरतात; वीस इलेक्ट्रॉन असलेल्या थेंबात वीस आणि एकवीस यांतला फरक तुमच्या स्टॉपवॉचच्या चुकीत बुडून जाईल. मात्र तो इतकाही लहान नको की ब्राउनी गतीने थरथरत रेषेवर अडखळेल. आणि १.६ हा पाठ असलेला आकडा मनात धरून थेंब गाळत बसू नका. वेळ लिहा, प्रत्येक थेंबाची नोंद ठेवा, वगळलेल्याचे कारण त्याच क्षणी लिहा, आणि सूत्राला हात लावण्याआधी वेगांच्या बेरजा एकाखाली एक मांडून त्यांत पायरी दिसते का ते पाहा.